रेगन, ट्रम्प की आणखी कोणी? अमेरिकन कॉन्झर्वेटिव्हांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षावर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतोय, की अमेरिकन कॉन्झर्वेटिव्ह विचाराचा खरा चेहरा म्हणायचं तरी कोणाला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि दोन-तीन पत्रांची भाषा जरा मऊ केलीय (कोणाची ते त्यांना कळेल).

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपवर अमेरिकन कॉन्झर्वेटिव्हांची टॉप टेन लिस्ट करायला घेतली आणि पहिल्याच नावावर भांडण. एक म्हणतो ट्रम्प, दुसरी म्हणते ट्रम्प कॉन्झर्वेटिव्हच नाही, तिसऱ्याला रेगनशिवाय कोणी दिसत नाही. ठरवायचं कसं? काही निकष आहे का?

भांडण होणारच, कारण तिकडचे कॉन्झर्वेटिव्ह लोक स्वतःच गेली सत्तर वर्षं ह्याच मुद्द्यावर एकमेकांच्या झिंज्या उपटतायत. मुळात ती एक विचारसरणी नाहीच, ती आघाडी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तीन प्रकारचे लोक जवळ आले, एक ज्यांना वाटायचं सरकारने धंद्यात आणि खिशात हात घालू नये, दुसरे ज्यांना धर्म, कुटुंब, परंपरा मोडीत निघाल्याची काळजी होती, आणि तिसरे ज्यांना सोव्हिएत रशियापुढे दुसरं काही सुचतच नव्हतं. तिकडे ह्याला तीन पायांचं स्टूल म्हणतात. आता ह्या तीन पायांचं आपापसात काही फार सख्य नाही बरं का. खुल्या बाजाराला परंपरेचं सोयरसुतक नसतं, कारखाना स्वस्त मजुरीच्या शोधात दुसरीकडे गेला की गावाचं काय होतं ते बाजार बघत नाही, आणि जगभर कम्युनिझमशी लढायचं तर मोठं सैन्य लागतं, म्हणजे मोठा खर्च, म्हणजे पुन्हा मोठं सरकार. फ्रँक मायर नावाच्या, एकेकाळी स्वतःच कम्युनिस्ट असलेल्या माणसाने हे सगळं एकत्र कसं बसतं त्याची थिअरी मांडली, तिला फ्यूजनिझम म्हणतात, आणि रसेल कर्क, ज्याच्या १९५३ च्या ‘द कॉन्झर्वेटिव्ह माइंड’ पुस्तकाने ह्या चळवळीला वंशावळ मिळवून दिली, त्याला ती थिअरी शेवटपर्यंत पटली नाही. दोघं लिहायचे मात्र एकाच मासिकात.

ते मासिक म्हणजे नॅशनल रिव्ह्यू, विल्यम बकलीने १९५५ साली काढलेलं, तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

निकषाचं म्हणाल तर लोक साधारण दोन निकष लावतात, कोण जिंकलं आणि कोण जास्त कडवं. मला दोन्ही पटत नाहीत. जिंकलेला नेता अर्धा तडजोडींनी बनलेला असतो, त्याच्याकडे बघून मूळ विचार कोणता आणि मतांसाठी केलेली सोय कोणती हे सुटं करता येत नाही. आणि कडवेपणाचं म्हणाल तर जो जास्त ओरडतो तो जास्त शुद्ध, असं धरलं की लिस्ट दर सहा महिन्यांनी बदलावी लागेल. माझा निकष जरा उलटा आहे, मी बघते की आधी सपाटून हरलं कोण, आणि नंतर हळूहळू त्याचंच म्हणणं अख्ख्या पक्षाचं म्हणणं झालं असं कोणाचं झालं. अमेरिकन कॉन्झर्वेटिव्ह चळवळीचा इतिहास हा बऱ्यापैकी अशाच हरलेल्या लोकांचा इतिहास आहे.

बॅरी गोल्डवॉटरच घ्या ना. ॲरिझोनाचा सीनेटर, १९६४ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि लिंडन जॉन्सनने त्याला असा धुतला की पन्नासपैकी फक्त सहा राज्यं हातात राहिली. बहुतेक पेपरवाल्यांनी लिहून टाकलं की हा विचार संपला. पण त्या प्रचारात राबलेली तरुण पोरं पुढे वीस-पंचवीस वर्षं पक्ष चालवत होती, आणि सरकार हाच प्रॉब्लेम आहे हे त्याचं म्हणणं १९८० पर्यंत पक्षाचं पाठ झालेलं वाक्य बनलं. मात्र त्या सहा राज्यांपैकी एक त्याचं स्वतःचं होतं आणि उरलेली पाच खोल दक्षिणेतली होती, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना, आणि ती मिळाली कारण त्याच वर्षी त्याने वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. त्याचं स्वतःचं म्हणणं असं की आधीच्या १९५७ आणि १९६० च्या कायद्यांना मी पाठिंबा दिला होता, ह्या कायद्यात सरकार खासगी धंद्यात घुसतंय म्हणून माझा विरोध. असेल. पण मिसिसिपीतल्या गोऱ्या मतदारांनी काही घटनेचा अभ्यास करून मत दिलेलं नव्हतं, आणि काळ्या मतदारांना हे चांगलंच कळलं, त्यानंतर ते रिपब्लिकन पक्षाकडे मोठ्या संख्येने परत आलेच नाहीत. लिस्टमध्ये नाव घालताना हेही सोबत घालायला लागतं.

बकलीचंही तसंच. १९६५ ला तो न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा राहिला, निवडून आलात तर पहिलं काय कराल असं विचारल्यावर म्हणाला, फेरमोजणीची मागणी करेन. साधारण १३ टक्के मतं मिळाली. पण त्याचं खरं काम निवडणुकीचं नव्हतंच, आपल्यात कोण आणि आपल्याबाहेर कोण हे ठरवणं हे त्याचं काम. जॉन बर्च सोसायटी ह्या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेचा प्रमुख रॉबर्ट वेल्च म्हणत सुटला होता की खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर कम्युनिस्टांचा हस्तक आहे, तेव्हा १९६२ मध्ये बकलीने आपल्याच वाचकांचा रोष ओढवून घेऊन त्याच्याविरुद्ध लिहिलं. आता ह्याच मासिकाने १९५७ ला दक्षिणेतल्या गोऱ्यांचं वर्चस्व राहिलं पाहिजे असं संपादकीय छापलं होतं हेही तितकंच खरं, आणि ते काही कोण्या नवख्या लेखकाच्या हातून निसटलेलं वाक्य नव्हतं. फार उशिरा, म्हातारपणी, बकलीने कबूल केलं की ह्या बाबतीत आपलं चुकलं, केंद्र सरकारने मध्ये पडणं गरजेचंच होतं.

तर तुमच्या लिस्टमध्ये ही दोन नावं वर पाहिजेत. बाकीची पुढच्या प्रश्नांत येतीलच.

प्रश्न : रेगनचं एवढं कौतुक का करतात? मी वाचलंय की त्याने गर्भपाताचा कायदा केला, बेकायदा स्थलांतरितांना माफी दिली, कर्ज वाढवलं. मग तो कसला कॉन्झर्वेटिव्ह?

तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे, आणि मी अजून दोन घालते. कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना १९६७ मध्ये त्याने गर्भपातावरचे निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली, त्याच वर्षी भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी घालणाऱ्या कायद्यावरही केली (ब्लॅक पँथर ह्या काळ्या समाजातल्या लढाऊ संघटनेचे लोक बंदुका घेऊन फिरायला लागले होते, तेव्हा बंदुकीच्या हक्काबद्दल बऱ्याच जणांचं मत अचानक बदललं), आणि १९६९ मध्ये दोष सिद्ध न करता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८१ ला मोठी करकपात केली आणि लगेच पुढच्या वर्षी कर वाढवलेसुद्धा. १९८६ च्या कायद्याने साधारण २७ लाख स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा मिळाला. देशाचं कर्ज त्याच्या आठ वर्षांत जवळपास तिप्पट झालं. आणि १९६२ पर्यंत तर तो रीतसर डेमोक्रॅट होता.

एवढं सगळं असून तो लिस्टमध्ये का, तर स्टूलचे तिन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकवून बसलेला तो एकटाच. व्यापाऱ्याला वाटायचं हा आपला, चर्चवाल्याला वाटायचं हा आपला, आणि रशियाविरोधकाला तर वाटायचंच. धार्मिक मतदारांना त्याने प्रत्यक्षात दिलं फार थोडं, त्याने नेमलेल्या न्यायाधीशांपैकी सँड्रा डे ओ’कॉनर आणि अँथनी केनेडी ह्या दोघांनी १९९२ मध्ये गर्भपाताचा हक्क वाचवायला हातभार लावला, तरी त्या मतदारांच्या मनातलं त्याचं स्थान हललं नाही. हे कौशल्यच म्हणायचं. सर्वांत वरचा प्राप्तिकर ७० टक्क्यांवरून २८ वर आणला, संपावर गेलेल्या अकरा हजारांवर विमान नियंत्रकांना १९८१ मध्ये घरी बसवलं, १९८४ ला ४९ राज्यं जिंकली.

आणि माझ्या निकषात तो बसतो का? बसतो की. १९७६ मध्ये तो आपल्याच पक्षाच्या गादीवर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाला, जेरल्ड फोर्डला आव्हान द्यायला उभा राहिला आणि अगदी थोडक्यात हरला. चार वर्षांनी पक्ष त्याच्याकडे चालत आला.

तरी माझं मत असं की रेगन हा चळवळीचा सर्वांत चांगला सेल्समन आहे, सर्वांत चांगला नमुना नाही. त्याच्याकडे बघून तुम्हाला कळतं की हा विचार लोकांना आवडेल असा कसा मांडायचा. आतली भांडणं काय होती ते मात्र कळत नाही, त्याच्या हसण्यामागे ती सगळी झाकली जातात.

प्रश्न : ट्रम्प कॉन्झर्वेटिव्ह आहे की नाही? हो किंवा नाही मध्ये उत्तर द्या, गोल गोल नको.

हो. आता कारण ऐकून घ्या, तेवढं तरी गोल होऊ द्या.

बकलीच्या मोजपट्टीने बघितलं तर नाही. २००१ ते २००९ तो डेमोक्रॅट म्हणून नोंदलेला होता, १९९९ मध्ये टीव्हीवर गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने बोललेला, टॅरिफचं त्याला प्रेम, सरकारी पेन्शन आणि म्हाताऱ्यांच्या मेडिकेअरला हात लावणार नाही असं तो प्रचारात सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये नॅशनल रिव्ह्यूने अख्खा अंक त्याच्या विरोधात काढला, वीसेक लेखकांनी लिहिलं की हा आपला माणूस नाही. बकलीने बर्चवाल्यांना बाहेर काढलं तसं ह्यालाही काढू असं त्यांना वाटलं असावं. मतदारांनी त्या अंकाला भीक घातली नाही, आणि पुढे त्यातलेच कितीतरी जण गुपचूप त्याच्या बाजूला जाऊन बसले.

पण बकलीची मोजपट्टी एकच मोजपट्टी नव्हती कधी. इथे दोन नावं सांगते, ती लिस्टमध्ये घाला. पहिलं रॉबर्ट टाफ्ट, ओहायोचा सीनेटर, लोक त्याला मिस्टर रिपब्लिकनच म्हणायचे, परदेशातल्या लष्करी जबाबदाऱ्या नकोत म्हणून १९४९ ला त्याने नाटोच्या विरोधात मत दिलं, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी तीनदा प्रयत्न करून तिन्हीदा हरला. दुसरं पॅट ब्युकॅनन. हा निक्सनचा भाषणलेखक, नंतर रेगनच्या व्हाइट हाउसमध्ये होता, पण १९९२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशच्या विरोधात प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरला. त्याचे मुद्दे काय होते बघा : सीमेवर कुंपण, मुक्त व्यापाराचे करार नकोत, आखाती युद्ध नको होतं, परदेशातून सैन्य परत आणा, घोषणा अमेरिका फर्स्ट. १९९६ मध्ये न्यू हॅम्पशायरची प्रायमरी जिंकून त्याने पक्षाच्या पुढाऱ्यांची झोप उडवली, पण उमेदवारी काही मिळाली नाही. २००० साली रिफॉर्म पार्टीतर्फे उभा राहिला, अर्धा टक्का मतंसुद्धा पडली नाहीत. त्या पार्टीच्या उमेदवारीसाठी आधी चाचपणी करणारा दुसरा एक माणूस होता डोनाल्ड ट्रम्प, आणि तेव्हा तो ब्युकॅननला टीव्हीवर हिटलरप्रेमी म्हणाला होता! सोळा वर्षांनी त्याच मुद्द्यांवर तो निवडून आला.

अजून एक गंमत सांगते, १९९२ मध्ये मिशिगन राज्यात ब्युकॅननच्या प्रचाराचं मानद अध्यक्षपद कोणाकडे होतं, तर रसेल कर्ककडे. म्हणजे ज्याने चळवळीला वंशावळ दिली तोच म्हातारपणी ह्या बाजूला आला होता. तेव्हा ट्रम्प बाहेरून आलेला उपरा आहे हे म्हणणं सोयीचं आहे पण खरं नाही, तो ज्या दारातून आला ते दार घरातच होतं, फक्त पुढाऱ्यांनी त्याच्यापुढे कपाट उभं करून ठेवलं होतं. स्वभाव, भाषा, निवडणुकीचा निकाल न मानणं, हे सगळं वेगळं आणि ते टाफ्ट किंवा कर्कच्या खात्यावर टाकता येणार नाही, सहा जानेवारी २०२१ ला संसदेवर जमाव चालून गेला त्याला कुठल्याच पुस्तकात आधार सापडत नाही. पण मुद्द्यांपुरतं बघाल तर वंश सरळ आहे.

इथे कोणीतरी म्हणेल की हरलेले आणि नंतर जिंकलेले हाच निकष तर मग अलाबामाचा जॉर्ज वॉलेस का नाही, १९६८ ला तो तिसऱ्या पक्षातर्फे उभा राहून पाच राज्यं जिंकला, आणि त्याचा सूर तर पुढे कितीतरी जणांनी उचलला. प्रश्न रास्त आहे आणि मला तो अडचणीचाच वाटतो. वॉलेसला सरकारी खर्चाचं वावडं नव्हतं, तो मूळचा डेमोक्रॅट, आणि त्या काळच्या कॉन्झर्वेटिव्ह लेखकांनी त्याला लांबच ठेवलं, म्हणून मी त्याला लिस्टमध्ये घेत नाही. पण त्याचा मतदार कुठे गेला असं विचाराल तर तो ह्याच पक्षात आला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न : सगळे पुरुषच? एकही बाई नाही का ह्या चळवळीत?

आहे, आणि मला विचाराल तर चळवळीत जमिनीवर सर्वांत जास्त काम कोणी केलं असेल तर तिने. फिलिस श्लाफ्ली. इलिनॉयमध्ये राहायची, सहा मुलांची आई, महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यात गोळ्या तपासायचं काम करून शिकलेली. १९५२ आणि १९७० मध्ये अमेरिकन काँग्रेससाठी, म्हणजे संसदेसाठी, उभी राहिली, दोन्ही वेळा पडली. १९६४ मध्ये गोल्डवॉटरच्या बाजूने एक छोटं पुस्तक स्वतःच छापलं, ते लाखांनी खपलं.

पण तिचं खरं काम पुढचं. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती, जिला इआरए म्हणतात, ती मार्च १९७२ मध्ये दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमताने पास झाली, ३८ राज्यांनी मान्यता दिली की झालं, आणि वर्षभरात तीसेक राज्यांनी दिलीसुद्धा. निक्सन बाजूने, फोर्ड बाजूने, रिपब्लिकन पक्षाचा जाहीरनामा तर १९४० पासून बाजूने. म्हणजे विरोधात कोणीच नव्हतं म्हणा ना. ह्या बाईने स्टॉप इआरए नावाची मोहीम काढली, घरी बसणाऱ्या, चर्चला जाणाऱ्या, आजवर राजकारणात कधीच न उतरलेल्या बायकांना गोळा केलं, आमदारांशी बोलायचं कसं, टीव्हीवर कॅमेऱ्याकडे बघायचं कसं, कपडे कोणते घालायचे इथपर्यंत ट्रेनिंग दिलं, आणि त्या बायका घरी भाजलेला ब्रेड आणि जॅम घेऊन विधानसभांच्या दारात उभ्या राहायला लागल्या. ३५ राज्यांवर गाडी अडकली. १९७९ ची मुदत वाढवून १९८२ केली तरी पुढे सरकली नाही, उलट काही राज्यांनी दिलेली मान्यता मागे घेतली. आणि १९८० मध्ये रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यातून तो पाठिंबाच काढून टाकला.

विसंगती तर डोळ्यात भरणारी आहे, बायकांनी घर सांभाळावं म्हणून सांगणारी बाई स्वतः देशभर भाषणं देत फिरायची आणि चळवळीच्या ऐन धामधुमीत पन्नाशी ओलांडल्यावर वकिलीची पदवी घेऊन मोकळी झाली. तिच्या विरोधकांनी हे हजारदा दाखवून दिलं आणि तिला काडीचा फरक पडला नाही, भाषणाची सुरुवातच ती अशी करायची की इथे येऊ दिल्याबद्दल नवऱ्याचे आभार, कारण समोरच्या स्त्रीवादी बायका त्याने चिडतात हे तिला पक्कं माहीत होतं. मला तिचे विचार पटत नाहीत, जवळपास एकही नाही. पण धार्मिक मतदार हा रिपब्लिकन पक्षाचा कणा झाला त्याचं श्रेय पाद्री लोकांना जितकं दिलं जातं तितकं ह्या बाईला दिलं जात नाही. पाद्री जेरी फॉलवेलची मॉरल मेजॉरिटी ही धार्मिक मतदारांची संघटना १९७९ ची, तोपर्यंत हिच्या बायका सात वर्षं रस्त्यावर होत्या. आणि २०१६ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, तिने ट्रम्पला पाठिंबा दिला, त्यावरून तिच्या स्वतःच्या संघटनेत फूट पडली. त्याच सप्टेंबरमध्ये गेली, निकाल बघायला राहिली नाही.

प्रश्न : काळ्या समाजातले कॉन्झर्वेटिव्ह नुसते दाखवायला असतात असं वाटतं. तुमचं मत?

पक्षाच्या स्टेजवर कधीकधी तसा वापर होतो, हो. पण क्लॅरन्स थॉमसला दाखवायचा माणूस म्हणाल तर तो सुप्रीम कोर्टाचे निकाल न वाचल्याचा परिणाम. १९९१ मध्ये सीनेटच्या ५२ विरुद्ध ४८ मतांनी, स्वतःवरच्या लैंगिक छळाच्या आरोपांच्या धुरळ्यात तो न्यायाधीश म्हणून कोर्टात आला, मध्ये तर दहा वर्षं सुनावणीत एक प्रश्न विचारला नाही, लोक चेष्टा करायचे. पण लिहीत होता. एकटाच वेगळं मत नोंदवायचा, वर्षानुवर्षं. २००३ मध्ये विद्यापीठांच्या प्रवेशात वंश विचारात घ्यावा की नाही ह्या खटल्यात तो हरलेल्या बाजूला होता, २०२३ मध्ये त्याच प्रश्नावर त्याची बाजू जिंकली. २०२२ मध्ये बंदुकीच्या हक्काचा मोठा निकाल त्याने स्वतः लिहिला, त्याच आठवड्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क संपवणाऱ्या बहुमतातही होता. श्रीमंत मित्राच्या खर्चाने केलेल्या सहलींचं प्रकरण नंतर बाहेर आलं, ते गंभीर आहे, पण त्याने त्याचं वजन कोर्टात कमी झालेलं दिसत नाही. त्याच कोर्टातला दुसरा कॉन्झर्वेटिव्ह न्यायाधीश स्कॅलिया जास्त लोकप्रिय, लिहायचाही खुमासदार, तरी आजच्या कोर्टावर छाप थॉमसची जास्त आहे असं मला वाटतं.

थॉमस सोवेलबद्दलही दोघांनी विचारलंय. अर्थशास्त्रज्ञ, जन्म १९३०, तरुणपणी मार्क्सवादी, शिकागोला मिल्टन फ्रीडमनच्या हाताखाली शिकूनसुद्धा मार्क्सवादीच राहिला, सरकारी खात्यात काम करून मात्र बदलला! किमान वेतनामुळे नोकऱ्या जातात का ह्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात तिथल्या लोकांना रस नाही हे बघून त्याचं मन उडालं असं तो सांगतो. लिस्टमध्ये घ्याच, वाचायला सोपा आहे.

प्रश्न : हायेक आणि फ्रीडमन?

दोघंही खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थशास्त्रज्ञ, पण हायेकने १९६० मध्ये आपण कॉन्झर्वेटिव्ह का नाही ह्यावर निबंधच लिहिलाय आणि फ्रीडमन स्वतःला जुन्या अर्थाने लिबरल, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य मानणारा, म्हणवायचा. त्यांची पुस्तकं वापरली गेली ती वेगळी गोष्ट. माणूस नको म्हणतोय तर नका घालू.

प्रश्न : टीव्ही-रेडिओवाले धरायचे का? माझ्या मते आज तेच खरे नेते आहेत.

एक धरा, रश लिंबॉ. रेडिओवर वादग्रस्त विषयाची दुसरी बाजूही दाखवली पाहिजे हा सरकारी नियम १९८७ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, त्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, रोज तीन तास. १९९४ मध्ये न्यूट गिंग्रिचच्या नेतृत्वाखाली चाळीस वर्षांनी पहिल्यांदा रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृह मिळालं तेव्हा नव्या सदस्यांनी त्याला आपला मानद सदस्य करून घेतलं, ह्यावरून काय ते समजा. बकलीच्या टीव्ही कार्यक्रमात समोर डावा माणूस बसवून तासभर वाद चालायचा, लिंबॉने समोरच्याची खुर्चीच काढून टाकली आणि धंदा दसपट झाला. फॉक्स न्यूज १९९६ ला आलं ते त्यानंतर. बाकीचे अँकर येतात-जातात, चॅनेलने काढलं की त्यांची जागा दुसरा घेतो, म्हणून त्यांच्यावर लिस्टमधली जागा वाया घालवू नका.

प्रश्न : लिझ चेनी, मिट रॉम्नी हेच खरे कॉन्झर्वेटिव्ह, बाकी सगळे संधिसाधू. सहमत?

हिंमत त्यांनी दाखवली ह्याबद्दल वाद नाही. रॉम्नी हा महाभियोगात आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला, ट्रम्पला, दोषी ठरवायच्या बाजूने मत देणारा पहिला सीनेटर, २०२० मध्ये. आणि चेनी, वायोमिंगची प्रतिनिधिगृहातली सदस्य, तर बहुतेक सगळ्या विधेयकांवर ट्रम्पच्या बाजूने मत देत आलेली होती, तरी सहा जानेवारीनंतर उलटी उभी राहिली, आधी पक्षातलं पद गेलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वायोमिंगची प्रायमरी तिने तीस टक्क्यांहून मोठ्या फरकाने गमावली. पण नुसतं हरून भागत नाही ना. हरल्यावर तुमचं म्हणणं पक्षात मुरतंय का ते बघायचं, आणि अजून तरी तसं एक चिन्ह दिसत नाही, उलट पक्ष जेडी व्हान्ससारख्या, मुक्त व्यापार आणि परदेशातल्या युद्धांवर उघड टीका करणाऱ्या माणसाकडे गेलाय. गोल्डवॉटरला सोळा वर्षं लागली हे खरं, तेव्हा चेनीचं नाव पेन्सिलने लिहून ठेवा.

गोल्डवॉटरवरून आठवलं, तो स्वतःसुद्धा आजच्या पक्षात टिकला नसता. १९८१ मध्येच त्याने फॉलवेलला जाहीर फटकारलं होतं, आणि १९९३ मध्ये समलिंगी लोकांना सैन्यात घ्या म्हणून लेख लिहिला, नेम बरोबर असला म्हणजे झालं अशा अर्थाचा.

प्रश्न : हे सगळं वाचायला वेळ नाही. एक काहीतरी सांगा ज्याने अंदाज येईल.

१७ ऑगस्ट १९९२, ह्यूस्टन, रिपब्लिकन अधिवेशनाची पहिली रात्र. त्या रात्रीची दोन भाषणं बघा, दोन्ही इंटरनेटवर आहेत. आधी ब्युकॅननचं बघा, देशात सांस्कृतिक युद्ध चालू आहे म्हणणारं, शेवटाला लॉस एंजलिसच्या दंगलीत उतरलेल्या सैनिकांचं वर्णन आहे ते ऐका, हॉलमधले लोक कसे उसळतात बघा. मग रेगनचं बघा, एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा, अजून उद्याबद्दल, संधीबद्दल बोलतोय. रेगनचं भाषण टीव्हीच्या मुख्य वेळेत व्हायचं ठरलं होतं, पण ब्युकॅनन इतका लांबला की ते मुख्य वेळेबाहेर गेलं आणि पूर्वेकडच्या राज्यांत तोपर्यंत बरेच लोक टीव्ही बंद करून झोपले होते.